पाटी बदलून मिळेल!

विचित्र नावांच्या गावांच्या याद्या आपण सगळ्यांनीच चवीनं वाचल्या आहेत. वेल्समधल्या त्या ५८ अक्षरी पाटीखाली पर्यटक फोटोही काढतात, प्राचीन काहीतरी गवसल्याच्या थाटात. ते लांबलचक नाव रचलं गेलं १८६०च्या दशकात, रेल्वेचे प्रवासी उतरावेत म्हणून. गावकरी आजही छोट्या नावावरच भागवतात.

न्यू मेक्सिकोतल्या हॉट स्प्रिंग्जचं दुखणं वेगळं होतं. या नावाची गावं अमेरिकेत पैशाला पासरी. १९५०मध्ये राल्फ एडवर्ड्स यांच्या ‘ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ या रेडिओ-कार्यक्रमाला दहा वर्षं होत होती. उत्तर चुकलं की स्पर्धकाची फजिती, असा एकूण मामला. जे गाव कार्यक्रमाचं नाव घेईल तिथून आम्ही प्रक्षेपण करू, असं एडवर्ड्स यांनी जाहीर केलं. गावानं रीतसर मतदान घेतलं: बाजूनं १,२९४, विरोधात २९५. प्रक्षेपणाची तारीख? १ एप्रिल. विरोधक काही गप्प बसले नाहीत. जुन्या नावासाठी पुढे पुन्हा मतदान झालं, तेही एकदाच नव्हे. पण दर खेपेला गाव या पाहुण्या नावालाच चिकटून राहिलं. एडवर्ड्सही शब्दाचे पक्के. जवळपास पन्नास वर्षं ते गावच्या मे महिन्यातल्या जत्रेला हजर राहिले. मात्र ज्या नावासाठी एवढं रणकंदन झालं, ते पूर्ण उच्चारायचा कंटाळा गावालाच. ‘टी ऑर सी’ म्हटलं की काम झालं.

ओरेगॉनमधल्या हाफवेनं २०००मध्ये ‘हाफ डॉट कॉम’ या इंटरनेटवरच्या दुकानाला आपलं नाव वर्षभरासाठी जणू भाड्यानंच दिलं. शाळेला संगणक मिळाले, गाव खूश. वर्ष सरायच्या आतच ईबेनं ते दुकान विकत घेतलं, ३० कोटी डॉलरहून जास्त मोजून.

टेक्सासमधल्या क्लार्क गावानं २००५मध्ये ‘डिश’ या उपग्रह टीव्ही कंपनीचं नाव घेतलं आणि घरोघरी दहा वर्षांची फुकट डिश पदरात पाडून घेतली. गोष्ट एवढीच वाटते. पण गाव वसवून त्याला स्वतःचं आडनाव देणारे एल. ई. क्लार्क त्याच वर्षी महापौरपदाची निवडणूक हरले होते. अवघ्या एका मतानं! खुर्ची मेमध्ये गेली, पाटी नोव्हेंबरात.

उलट्या दिशेची तक्रार तुर्कस्तानातून आली. २००८मध्ये ‘द डार्क नाइट’ तुफान चालत असताना तिथल्या बॅटमॅन शहराचे महापौर खवळले. आमचं नाव न विचारता वापरलं म्हणून दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन आणि निर्मात्यांना कोर्टात खेचण्याची भाषा सुरू झाली. जवळच्या नदीचं नाव बॅटमॅन, हे खरं. पण शहर १९५७पर्यंत इलूह होतं, आणि कॉमिकमधला बॅटमॅन आला होता १९३९मध्ये.