लायसन्स नव्हते, म्हणून चूक त्याचीच?

दुचाकी आणि टेम्पोची धडक होते, दुचाकीस्वाराच्या खिशात लायसन्स सापडत नाही आणि जमलेल्या गर्दीत निम्मा निकाल तिथल्या तिथे लागतो. 'बिनलायसनचा होता, मग टेम्पोवाल्याचं काय चुकलं?' पुढे हाच युक्तिवाद काळा कोट घालून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उभा राहतो. कायद्याचे म्हणणे मात्र वेगळे आहे.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात सतरा वर्षांच्या मुलाच्या दुचाकीची मिनी ट्रकशी टक्कर झाली होती. मुलाकडे लायसन्स नव्हते, म्हणून अपघातात त्याचाही वाटा धरला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला. विनापरवाना गाडी चालवणे हा गुन्हा आहे, पण तेवढ्यावरून तो निष्काळजीपणे चालवत होता असे ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१८ मध्ये हीच भूमिका पुन्हा मांडली गेली. २०२० मध्ये ट्रिपल सीटच्या प्रकरणातही तोच सूर होता: तिघे बसले म्हणून अपघात झाला, असा संबंध दाखवता आला तरच भरपाई कापता येईल.

म्हणजे विचारायचा प्रश्न एवढाच, की लायसन्स असते तर हा अपघात टळला असता का? सिग्नलला थांबलेल्या दुचाकीला मागून डंपरने उडवले, तर खिशातल्या कार्डाने काय फरक पडणार होता? याउलट तोच मुलगा राँग साइडने येत असेल, तर दोष त्याचाच. तिथे लायसन्स असूनही तो वाचला नसता. विनापरवाना चालवल्याबद्दल ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, हा हिशेब वेगळा आणि तो सरकारशी चुकता करायचा. टेम्पोच्या विमा कंपनीला त्यातून सूट मिळायचे कारण नाही.

हा वाद किती पैशांचा असतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. बावीस वर्षांचा अविवाहित तरुण, पगार महिना १५,००० रुपये. ठरावीक पगारावर काम करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे, झाले २१,०००. अविवाहित असल्याने त्याचा स्वतःचा खर्च म्हणून निम्मे वजा, उरले १०,५००. वर्षाचे १,२६,०००. या वयाला गुणक १८, म्हणजे २२ लाख ६८ हजार. अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा त्यावर. आता 'लायसन्स नव्हते' म्हणून २५ टक्के दोष माथी आला, तर आईवडिलांचे ५ लाख ६७ हजार एका वाक्यात गेले. दुसऱ्या गाडीच्या कंपनीचे वकील त्या वाक्यासाठी एवढे का झगडतात, ते यावरून कळेल.

खरी लढाई कागदांवर होते. दुचाकीस्वार जागीच गेला, तर फिर्याद बऱ्याचदा समोरच्या चालकाची असते, आणि मृतच आरोपी ठरतो. आरोपी हयात नाही म्हणून पोलीस 'अबेटेड समरी' पाठवून मोकळे होतात. घरचे सुतकात असतात, कोणी विचारत नाही. वर्षाने दाव्यात तीच फिर्याद कंपनी पुढे करते. न्यायाधिकरण फिर्यादीला बांधील नसते, हे लक्षात ठेवावे. इथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहतात. पण झुकवायला काहीतरी हवे ना! म्हणून घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल मागा आणि तो शब्दन् शब्द वाचा: काचा रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडल्या होत्या, ब्रेकच्या खुणा कुठून कुठे गेल्या, कोणत्या गाडीचा कोणता भाग चेपला. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल घ्या. शेजारच्या दुकानाचे सीसीटीव्ही चित्रण आधी मिळवा, ते फार दिवस राहत नाही. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो; त्याचा पाठपुरावा करा.

आता बाजू उलटवू. बिनलायसनच्या पोराने कोणाला ठोकले तर? जखमीला वाऱ्यावर सोडायचे नाही, हे न्यायालयांचे जुने धोरण. २००४ च्या तीन न्यायमूर्तींच्या निकालानुसार नुसते 'लायसन्स नव्हते' म्हणून कंपनी सुटत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने अट मोडली, हे तिने सिद्ध करायचे. लर्निंग लायसन्ससुद्धा लायसन्सच, असेही त्यात म्हटले आहे. मालकाचा दोष सिद्ध झाला तरी बऱ्याच प्रकरणांत आदेश निघतो तो 'आधी भरा, मग वसूल करा' असा. जखमीला पैसे कंपनीकडून मिळतात आणि मग कंपनी मालकाच्या दारात येते. त्यासाठी तिला वेगळा दावाही लावावा लागत नाही.

'मी कुठे दिली, त्यानेच चावी उचलली' हा बचाव फारसा टिकत नाही. २०११ च्या एका प्रकरणात नात्यातल्या अल्पवयीन मुलाने न विचारता चावी घेऊन मोटारसायकल नेली होती, आणि स्कूटरवरचा माणूस गेला. वसुली मालकाकडूनच कायम झाली. शिवाय मुलगा अल्पवयीन असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 'सोळाव्या वर्षी चालते की!' म्हणणाऱ्यांसाठी: ती सवलत ५० सीसीपर्यंतची आहे. क्लासबाहेर रांगेने उभ्या असणाऱ्या नेहमीच्या स्कूटर ११० सीसीच्या पुढेमागे असतात.

स्वतःच्या पॉलिसीकडून मात्र बिनलायसनवाल्याने काही धरून चालू नये. गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही वैध लायसन्स असेल तरच लागू होते. म्हणून कुटुंबाची सगळी मदार दुसऱ्या गाडीच्या विम्यावर असते, आणि तो दावा ठोकायला घाबरायचे कारण नाही. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. अपघात सोलापूरजवळ झाला म्हणून नाशिकच्या आईबापांनी सोलापूरला खेपा घालायची गरज नाही. मुदत मात्र अपघातापासून सहा महिन्यांची लिहिलेली आहे. त्या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तेराव्यानंतर पहिली फेरी वकिलाकडे मारा.