राखीव यंत्र असूनही रॉकेट का फुटले?

४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट फ्रेंच गयानातील कौरू येथून पहिल्यांदाच झेपावले. सुमारे ३७ सेकंदांनी ते भरकटले आणि हवेतच फुटले. सोबतचे चार क्लस्टर उपग्रहही गेले. विशेष म्हणजे दिशा मोजणारे यंत्र एक नव्हे, दोन होते. मग दोन्ही कशी बंद पडली? संगणक शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीने हे समजून घ्यायला हवे.

रॉकेट, विमान किंवा मोटारीच्या एअरबॅगमधील संगणकाला रिअल-टाइम संगणक म्हणतात. इथे उत्तर बरोबर असून भागत नाही, ते मुदतीत यावे लागते. अपघातानंतर उशिरा फुगलेली एअरबॅग काय कामाची?

अशा यंत्रणेत बहुधा अनेक प्रोसेसर असतात. कोणते काम कोणी आणि केव्हा करायचे, हे शेड्युलर ठरवतो. प्रोसेसर कधीही बिघडू शकतो, म्हणून महत्त्वाच्या कामाच्या दोन प्रती ठेवतात : मुख्य आणि राखीव, दोन वेगळ्या प्रोसेसरवर. समजा, कामाला ४ मिलिसेकंद लागतात आणि मुदत १० ची आहे. मुख्य प्रत पहिल्या ४ मध्ये चालते. दुसऱ्या प्रोसेसरवर शेवटचे ४ मिलिसेकंद राखून ठेवतात. मुख्य प्रत यशस्वी झाली, की ती वेळ दुसऱ्या कामाला मिळते. म्हणजे नुसते जादा यंत्र पुरत नाही, वेळही आधीच राखावा लागतो.

पण यामागे एक गृहीत आहे : दोन्ही प्रती एकदम बिघडणार नाहीत. एरियनमध्ये तेच कोसळले. दोन्ही यंत्रांत एरियन ४ वरून आणलेले एकच सॉफ्टवेअर होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. त्यातून आलेला आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. आधी राखीव यंत्र बंद पडले, पाठोपाठ मुख्य. आणि ज्या गणिताने हा घात केला, त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती!

अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये पाच संगणक होते. चारांत एकच सॉफ्टवेअर होते, पाचव्यातले मात्र वेगळ्या कंपनीने स्वतंत्रपणे लिहिलेले होते. चौघांत एकच चूक दडलेली असली, तरी पाचवा वाचावा हा हेतू.

म्हणून ‘संगणकाने चूक केली’ एवढे म्हणून थांबू नका. कोणते काम महत्त्वाचे, वेळ कोणासाठी राखायचा, जुने सॉफ्टवेअर नव्या ठिकाणी पुन्हा तपासायचे की नाही, हे माणसेच ठरवतात. त्यांना हे प्रश्न विचारता यावेत, म्हणून ही विद्या शिकायची.