स्वयंपाकघराच्या मधोमध

घराचं नूतनीकरण निघालं आणि स्वयंपाकघरात आयलंड हवं असं ठरलं, की पहिली चर्चा दगडाच्या रंगावर रंगते. ती खरं तर सगळ्यात शेवटी व्हायला हवी. आयलंड वापरात राहणार की अडचण होणार, हे त्याच्याभोवती सोडलेल्या मोकळ्या जमिनीवर ठरतं.

हिशेब करून बघा. भिंतीचा ओटा 2 फूट. अमेरिकेतली नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशन ओटा आणि आयलंड यांच्यात एकट्याने काम करणाऱ्यासाठी 42 इंच आणि एकाहून जास्त जण असतील तर 48 इंच जागा सुचवते. आयलंड स्वतः निदान 2 फूट, आणि पलीकडून माणूस जायला 3 फूट. कमीत कमी बेरीज झाली साडेदहा फूट. सात-आठ फूट रुंदीच्या स्वयंपाकघरात ती बसत नाही, मग हॉलकडची भिंत पाडायचा विचार सुरू होतो. तिथे थांबून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. जुन्या वाड्यातली भिंत माळ्याचा भार पेलत असते. आरसीसी चौकटीच्या इमारतीत आतली विटांची भिंत बहुधा काढता येते. अ‍ॅल्युमिनियम शटरिंगने उभारलेल्या नव्या टॉवरमध्ये मात्र आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

हॉलकडची ही भिंत आली कुठून, हेही बघण्यासारखं आहे. 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. सुमारे 1.9 मीटर रुंद, 3.4 मीटर लांब. सगळं हाताशी, एकही पाऊल वाया जाणार नाही असं. अशी जवळपास 10,000 स्वयंपाकघरं उभी राहिली आणि आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथेच सापडतं. पण त्या खोलीत मावत होती एकच बाई, आणि ती घरापासून तुटलेली. आपल्याकडे उभ्या ओट्याने तेच केलं. दिवाळीच्या फराळाला पूर्वी जमिनीवर गोल बसून एकजण लाटी करायची, दुसरी सारण भरायची, तिसरी कातणीने करंजीची कड कापायची. ओट्याशी त्या तिघी भिंतीकडे तोंड करून ओळीने उभ्या राहतात. ज्यांचे गुडघे आता दुमडत नाहीत त्यांना तो गोल परत मिळवून देणं, आयलंडचं यापेक्षा मोठं प्रयोजन मला दिसत नाही. त्यामुळे निदान दोन बाजूंनी माणसं जवळ येऊ शकतील असंच ते आखावं. बसायचं असेल तर माणशी 2 फूट रुंदी आणि 36 इंच उंचीच्या आयलंडला गुडघ्यांसाठी 15 इंच खोली ठेवावी.

सिंक आयलंडवर घ्यायचं मनात असेल तर जमिनीखाली काय आहे ते पाहा. सांडपाण्याच्या पाइपला फुटामागे पाव इंच ढाळ लागतो. भिंतीपासून 10 फुटांवर सिंक नेलं की नुसता ढाळच अडीच इंच, वर 2 इंचांचा पाइप. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचा स्लॅब बाथरूमसारखा खाली घेतलेला नसतो. म्हणजे फरशी उचलायची, नाहीतर स्लॅबला भोक पाडून खालच्यांच्या छतातून पाइप न्यायचा. दोन्हींपेक्षा सिंक भिंतीशी ठेवलेलं बरं.

हॉबचंही तेच. परदेशी मासिकांतल्या फोटोंत तो मधोमध शोभतो, पण आपल्या फोडणीचा वाफारा कोंडून धरायला मागे भिंत नसली की चिमणी मोठी लागते आणि तिचा डक्ट छतातून न्यावा लागतो. शिवाय तेल उडतं ते थेट समोर बसलेल्या मुलांच्या अंगावर. विजेचा पॉइंट मात्र आयलंडला हवाच. मिक्सर आणि इंडक्शनसाठी 16 अँपिअरचं सॉकेट, आणि त्याची वायर फरशी बसण्याआधी कॉन्ड्युटमधून टाकून घ्यावी. मिस्त्रीला हे लेखी दिलेलं चांगलं, कारण फरशी बसल्यावर उपाय उरत नाही.

उंचीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. अमेरिकेत 36 इंच हे ठरलेलं माप आहे, पण 5 फूट उंचीच्या बाईला त्यावर कणीक मळताना खांदे उचलावे लागतात. कोपरापासून चार-सहा इंच खाली हात टेकेल अशी उंची, आणि ती घरात सगळ्यात जास्त लाटणं फिरवणाऱ्या माणसाची. मग दगड. 20 मिलिमीटर ग्रॅनाईट चौरस मीटरला सुमारे 54 किलो भरतं, म्हणजे 6 बाय 3 फुटांचा तुकडा 90 किलोच्या घरात. तो पेलायला खालचा सांगाडा भक्कम हवा. क्वार्ट्‌झमध्ये रेझिन असतं, गॅसवरून उतरवलेली कढई त्यावर टेकवली तर डाग कायमचा. संगमरवराला लिंबू आणि कोकम चालत नाही. रोजच्या मराठी स्वयंपाकाला गडद ग्रॅनाईटच सोसतं.

आणि बेरीज साडेदहा फूट होतच नसेल, तर 1929 मध्ये लिलियन गिलब्रेथ यांनी ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी आखलेलं ‘किचन प्रॅक्टिकल’ आठवावं. बारा मुलांची आई आणि कामाच्या हालचालींचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी ही इंजिनिअर. तिने त्या आराखड्यात चाकांचं एक लहान टेबल ठेवलं होतं, लागेल तिथे ओढून घ्यायला. ओट्याच्याच उंचीचं, ब्रेक लागणाऱ्या चाकांचं, वर दगडाऐवजी लाकडी फळी असलेलं दीड बाय तीन फुटांचं टेबल आपला सुतारही करून देईल. त्याला ना भिंत पाडावी लागते ना सोसायटीची परवानगी. एरवी ते भिंतीशी लावून ठेवायचं आणि करंज्यांच्या दिवशी मधोमध ओढायचं.