अतिथि कोण?

श्रावण सरतां सरतां पिठोरी अमावास्या येते. देशावर पुष्कळ ठिकाणीं त्याच दिवशीं बैलांचा पोळा असतो. आमच्या कोल्हापुराकडे बेंदूर आधींच होऊन गेलेला असल्यामुळें हा दिवस सर्वस्वीं आईचा व मुलांचा राहतो. मातृदिन हें त्याचें दुसरें नांव. अलीकडे आपल्या घरांतून मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारींहि मुलें आईचें अभीष्ट चिंतितात, आणि वडील मंडळी हें परक्यांचें अनुकरण म्हणून नाकें मुरडतात. आम्हांस दोहोंचेंहि वावडें नाहीं. मात्र या दिवशीं आईच्या वांट्यास नक्की काय येतें, तें सुज्ञ वाचकांनीं एकदां पाहावें.

पिठोरीचा विधि बहुतेकांस ठाऊक आहे. आई दिवसभर उपवास करते आणि सायंकाळीं स्नान करून चौसष्ट योगिनींची पूजा मांडते. पूर्वी या मूर्ति पिठाच्या करीत, त्यावरूनच पिठोरी हें नांव पडलें. आतां पुष्कळ घरीं छापील चित्रावर काम भागतें. मग खीरपुरीचें ताट डोक्यावर धरून, मुलांकडे पाठ करून ती विचारते, "अतिथि कोण?" मूल म्हणतें, "मी." आई मागें न पाहतां तो प्रसाद खांद्यावरून त्याच्या हातीं देते. म्हणजे नांव मातृदिन; पण उपवास आईचा, पुऱ्या लाटणें आईचें, आणि आयुष्य मागावयाचें तें मुलांसाठीं!

या व्रताची कहाणी मात्र लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. एका घरची सून दरवर्षीं याच अमावास्येस, ऐन श्राद्धाच्या वेळीं, प्रसूत होते. मूल जगत नाहीं आणि पानांवरचे ब्राह्मण उपाशीं उठतात. असें वारंवार घडल्यावर सातव्या वेळीं सासरा तें मेलेलें मूल तिच्या ओटींत घालून तिला रानांत घालवून देतो. तेथें रात्रीं योगिनी शिवपूजनास येतात व नैवेद्य दाखवून अतिथि कोण म्हणून पुसतात. झाडावर लपून बसलेली ती सून "मी" म्हणत खालीं उतरते, आणि तिचीं सातहि मुलें तिला परत मिळतात. तेव्हां मूळचा अतिथि मूल नव्हे, आई! घरानें जिला उंबऱ्याबाहेर काढलें, तिलाच रानांत अतिथीचा मान मिळाला. तैत्तिरीयोपनिषदांत ज्या चौघांस देवासमान मानावें असें सांगितलें आहे, त्यांत माता पहिली व अतिथि चौथा. या कहाणींत ती पहिली व तो चौथा एकाच देहांत भेटतात.

आतां तो मे महिन्यांतील रविवार. ॲना जार्व्हिस या अमेरिकन बाईंनीं आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ १९०८ सालीं ग्राफ्टन येथील चर्चमध्यें सोहळा करविला व आईला आवडणारीं पांढरीं कार्नेशन फुलें तेथें धाडलीं. १९१४ सालीं राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीं त्या दिवसास राष्ट्रीय मान्यता दिली. पुढें फुलें, मिठाई व छापील भेटपत्रें विकणारांनीं त्याचा बाजार मांडला, तेव्हां जार्व्हिसबाईच त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. छापील मजकुराखालीं सही करण्यापेक्षां आईस स्वहस्तें पत्र लिहावें, असें त्यांचें म्हणणें. १९४८ सालीं त्या वारल्या; बाजार राहिला. नेपाळांत वैशाखांतील अमावास्येस मुलें आईकरितां गोडधोड घेऊन येतात, आणि ज्यांची आई हयात नाहीं ते काठमांडूजवळच्या मातातीर्थ कुंडावर जाऊन तिचें स्मरण करतात. देणारें मूल आणि घेणारी आई, हा क्रम आम्हांस अधिक भावतो.

यंदा पिठोरीस मुलांनीं छापील चित्र बाजूस ठेवून तांदुळाच्या पिठाचीं चौसष्ट बाहुलीं करावीं. आठ ओळी, ओळींत आठ. लहानग्यांचा आठाचा पाढाहि आपोआप होतो. पीठ मळतांना आईस तिचें माहेरचें नांव विचारावें, मग तिच्या आईचें, मग तिच्याहि आईचें. लग्नांत वधूचें नांव बदलण्याची आपली जुनी चाल. त्यामुळें गोत्र-प्रवर धडाधड म्हणणारा मुलगा येथें तिसऱ्या पायरीवरच अडखळतो. कळतील तीं नांवें वहींत गांवासह लिहून ठेवावीं.

आणि आईनें मुलांस प्रसाद दिला कीं ताट मुलांनीं घ्यावें, डोक्यावर धरावें, पाठमोरें उभें राहून तोच प्रश्न विचारावा. या वेळीं "मी" म्हणावयाचें तें आईनें. एकत्र कुटुंबांत काकू, आत्या, आजी या सर्वांनीं म्हणावें, आणि त्यांत विधवा आजीस वगळूं नये. आपल्या घरांतून अशा प्रसंगीं तिनें स्वयंपाकघरांत राबावें, पण पाटाजवळ येऊं नये, अशी रीत फार दिवस चालली. आमच्या जिल्ह्यांतील, शिरोळ तालुक्यांतल्या हेरवाडच्या ग्रामसभेनें २०२२ च्या मे महिन्यांत ठराव करून पतिनिधनानंतर कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या प्रथा बंद केल्या. राज्यशासनानेंहि त्याच महिन्यांत इतर ग्रामपंचायतींस तो कित्ता गिरविण्यास सांगितलें. जें एका खेड्याच्या सभेंत हात वर करून ठरलें, तें सुशिक्षितांच्या माजघरांत ठरावयास कोणाची आडकाठी आहे?

आजीस कमी ऐकूं येत असेल, तर प्रश्न जरा मोठ्यानें विचारावा. ती लाजेल, नको म्हणेल, सुनेकडे बोट दाखवील. उत्तर येईपर्यंत ताट खालीं ठेवूं नये.