यादीत नाव, फडात मतदार

2024 साली राज्याचा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू करायचे ठरले आणि विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला आले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबासाठी या दोन तारखा एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या होत्या. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको जोडीने, म्हणजे हिशेबाच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणून, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि पुढचे पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत काढतात. पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून नेऊन गाडीत भरायच्या. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. मतदानाला गावी जायचे तर जाता-येता दोन-तीन खाडे, वर दोघांचे गाडीभाडे. एवढी किंमत परवडत नाही म्हणून न दिलेल्या मताला उदासीनता म्हणणे अन्यायाचे आहे.

कायदा या मतदारांना विसरलेला नाही, असे कुणी म्हणेल आणि ते अर्धे खरे आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तात्पुरते बाहेर गेल्याने गावातला रहिवास संपत नाही, म्हणून नाव यादीत राहते. 1951 च्या कायद्यात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटीची तरतूद आहे. पण टनावर मजुरी घेणाऱ्याचा मालक कोण, कारखाना की मुकादम, याचाच वाद असतो. आणि गाव तीनशे किलोमीटरवर असेल तर एका दिवसाच्या सुटीने काय साधणार? दुसरीकडे, गीरच्या जंगलातल्या बाणेज इथे एकट्या मतदारासाठी केंद्र उभारले गेले. 2024 च्या लोकसभेला 85 वर्षांवरील नागरिकांना घरून मत देता आले. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष केंद्रे असतात. मतदाराला येणे अशक्य असेल तर केंद्राने त्याच्याकडे जावे, हे तत्त्व आपण कधीच मान्य केले आहे. ते फडापर्यंत नेणे एवढेच राहिले आहे.

यावर सरळ वाटणारा उपाय सुचवला जातो: कामाच्या ठिकाणीच नाव नोंदवा. पण तोडणीची टोळी दर काही दिवसांनी फड बदलते आणि हंगाम संपला की परतते. या माणसांचे घर, रेशनकार्ड, पाण्याचे आणि शाळेचे प्रश्न गावात आहेत; जाब विचारायचा तो तिथल्याच आमदाराला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याची उचल घेतली, तोच मत कुणाला द्यायचे हे सांगेल. म्हणूनच टपाली मतपत्रिका कोपीवर पाठवणे योग्य नाही. कारखान्याच्या परिसराबाहेर निवडणूक आयोगाच्या ताब्यातले केंद्र, उमेदवारांचे प्रतिनिधी आणि पडद्याआडचे मत हवे. निवडणूक आयोगाने एका केंद्रातून 72 मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणारे यंत्र जानेवारी 2023 मध्ये पक्षांपुढे ठेवले, तेव्हा विरोधी पक्षांनी शंका घेतल्या. शंका रास्त असतील, तर विस्थापितांसाठी रुळलेली विशेष केंद्रांची पद्धत आहेच. त्यासाठी लागणारी यादीही आधी तयार करता येईल. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी होणारी नोंदणी हा तिचा पाया ठरू शकतो.

काहीच केले नाही तर उरते उमेदवाराची गाडी. मतदारांची फुकट ने-आण कायद्याने भ्रष्ट आचार ठरते, आणि ज्याने गाडी पाठवली त्याचे ओझे मतदाराच्या मनावर राहते. 2019 च्या लोकसभेत 30 कोटींहून अधिक मतदारांनी मत दिले नाही आणि अंतर्गत स्थलांतर हे त्यामागचे एक ठळक कारण असल्याचे आयोगानेच मांडले. केंद्रे उभारायला वेळ लागेल; पण गाळपाची तारीख ठरवणाऱ्या मंत्री समितीला मतदानाची तारीख पाहून हंगाम आठवडाभर पुढे ढकलता येतो. त्या आठवड्यात कोयता गावातच असेल, आणि मत दिल्याचा खाडा कुणाच्या हिशेबात पडणार नाही.