ओळखीची सही

परवा विंचूरला गेलो, तर भाच्याने अंगणातच गाठले. बेदाणा विकण्यासाठी त्याने संकेतस्थळ काढले आहे. ‘‘मामा, एक जण आठवड्यात हजार दुवे जोडून देतो म्हणतो. गूगलवर वर येऊ. पण घाईने जोडले तर उलटेच होते, असेही कानावर आलेय. काय करू?’’ पैसे होते फवारणीसाठी राखलेले.

माझी नोकरी बँकेतली. पूर्वी खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. आम्ही सह्या मोजत नसू. सही कोणाची, हे पाहत असू. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल उभारले ते जवळपास याच न्यायाने. दुवा म्हणजे ओळखीची सही! मग सह्यांचाच बाजार भरला. २०११ मध्ये जे. सी. पेनी या बड्या अमेरिकन कंपनीचे स्थान विकतच्या दुव्यांपायी घसरले. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाची चाळणी लावली. २०१६ पासून ती असे दुवे बहुधा हिशेबातूनच वगळते. उघड लबाडीला मात्र आजही शिक्षा होते.

म्हणजे दोष वेगाचा नव्हे. उद्या या बेदाण्याची बातमी गाजली आणि एका रात्रीत शंभरांनी दुवा दिला, तर त्यात वावगे काही नाही. पण ज्यांनी बेदाणा चाखलाच नाही त्यांची साक्ष विकत घेतली, तर ती सावकाश आणली तरी खोटीच.

संध्याकाळी भाचा फवारणीचे औषध घेऊन आला. म्हणाला, ‘‘मामा, नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच सांगतो, आवडला तर चार ओळी लिहा.’’