रेवतीची जागा

मीन राशीची ग्रीक कथा, म्हणजे टायफॉनच्या भयाने ॲफ्रोडाइटी आणि इरॉस यांनी नदीत उडी घेऊन मत्स्यरूप धारण केल्याची, बहुतेकांस ठाऊक असते. परंतु महाराष्ट्राच्या पंचांगात जो वाद शतकाहून अधिक काळ नांदत आला, त्याचे मूळ त्या दोन माशांना बांधणाऱ्या दोरीवरील एका अंधुक ताऱ्यात आहे. पाश्चात्त्य तारासूचीत या ताऱ्यास झीटा पिशियम म्हणतात, आणि पंचांगकर्त्यांच्या एका पक्षाच्या मते रेवती नक्षत्राचा योगतारा, म्हणजे ज्यावरून नक्षत्राचे स्थान मोजावयाचे तो तारा, हाच होय. परंपरेने रेवतीत मृदंगाकृती ३२ तारे मानले असून देवता पूषा, म्हणजे वाटसरूंचा रक्षक, ही आहे. या गर्दीतला योगतारा मात्र पाचव्या प्रतीचा, शहरातील आकाशात न दिसणारा.

मार्कंडेय पुराणातील एक आख्यान येथे विलक्षण समर्पक ठरते. ऋतवाक् ऋषीचा मुलगा दुर्वर्तनी निघाला, तेव्हा त्याचा जन्म रेवतीच्या अंती झाल्यामुळे असे घडल्याचे गर्गांनी सांगितले, आणि संतापलेल्या पित्याने शाप देऊन ते नक्षत्रच आकाशातून खाली पाडले. ते ज्या कुमुद पर्वतावर पडले तो पुढे रैवतक म्हणून ओळखला गेला; नक्षत्राच्या तेजातून जन्मलेल्या कन्येचा सांभाळ प्रमुच ऋषीने केला, आणि दुर्गम राजाशी तिचा विवाह ठरला तेव्हा तो रेवती नक्षत्रावरच व्हावा असा हट्ट तिने धरला. नक्षत्र तर आकाशात उरलेच नव्हते. अखेर ऋषीने तपोबलाने ते चंद्रमार्गावर पुन्हा नेऊन बसविले. रेवतीचा शेवट व अश्विनीचा आरंभ यांच्या सांध्यास ज्योतिषी गंडान्त म्हणतात व अशुभ मानतात. राशिचक्राचा आरंभबिंदूही याच सांध्यावर येतो.

हा बिंदू नेमका कोठे, हाच पुढील भांडणाचा विषय. वसंतसंपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेस येतो तो बिंदू, वर्षास सुमारे ५० विकला मागे सरकतो; त्याचे स्थिर आरंभबिंदूपासूनचे अंतर म्हणजे अयनांश. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५पासून सुरू झालेल्या पटवर्धनी पंचांगात झीटा पिशियम हा आरंभ धरला. लोकमान्य टिळकांचा कलही याच बाजूस होता, आणि मुंबईच्या १९०४च्या ज्योतिष परिषदेत हा प्रश्न चर्चिला गेला. विरुद्ध पक्षात व्यंकटेश बापूजी केतकर होते, ज्यांनी १९११मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात नेपच्यूनपलीकडील ग्रहांचे भाकीत केले होते. ठळक अशा चित्रा ताऱ्यासमोर १८० अंशांवर आरंभ मानावा, हे त्यांचे मत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्यासारखा विद्वान तर दोन्ही पक्षांहून निराळा, सायन, म्हणजे थेट वसंतसंपातापासून मोजणाऱ्या, गणनेकडे झुकणारा.

रेवती व चित्रा या दोन्ही पक्षांचा आधार सूर्यसिद्धान्त हा जुना ज्योतिषग्रंथ. तेथे चित्रेचा ध्रुवक १८० अंश व रेवतीचा ३५९ अंश ५० कला दिला आहे. परंतु आकाशात या दोन ताऱ्यांतील अंतर १८० अंशांहून सुमारे चार अंशांनी निराळे आहे, त्यामुळे ग्रंथातील दोन्ही आकडे एकाच वेळी खरे ठरविता येत नाहीत. शिवाय ध्रुवक हा भोग, म्हणजे क्रांतिवृत्तावर (सूर्याच्या भासमान मार्गावर) मोजलेले अंतर, नव्हे; तो ध्रुवातून काढलेल्या रेषेने मोजलेला असतो. चित्रा क्रांतिवृत्तापासून सुमारे दोन अंश दक्षिणेस असल्यामुळे तिचा भोग १८० अंशांहून पाऊण अंशाने अधिक होतो. रेवती जवळजवळ क्रांतिवृत्तावरच असल्याने तिला ही अडचण नाही, पण ३५९ अंश ५० कला म्हणजे काही शून्य नव्हे, हे तिच्या कैवाऱ्यांनी सोयीने मागे टाकले. ग्रंथनिष्ठेचा दावा दोघांनीही केला आणि दोघांनीही ग्रंथास थोडी कात्री लावली. चित्रापक्षाचा खरा लाभ ताऱ्याच्या तेजाचा, कारण वेध घेण्यास ठळक तारा सोयीचा, आणि ती सोय त्यांनी उघड मान्य केली असती तर वाद निम्म्याने आटोपला असता.

चार अंश म्हणजे सूर्याचे सुमारे चार दिवस. अधिक मास संक्रांतींवरून ठरत असल्याने काही वर्षी तो दोन पक्षांत वेगळा पडतो आणि गणेश चतुर्थी महिन्याच्या अंतराने येते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग-सुधारणा समितीने, जिच्यात केशव लक्ष्मण दफ्तरी व ज. स. करंदीकर हे मराठी सदस्य होते, २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला अयनांश ठरविला, म्हणजे व्यवहारतः चित्रापक्षच स्वीकारला. तरीही रेवतीपक्षाचे टिळक पंचांग टिकून आहे, आणि त्यात मकर संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते.

झीटा पिशियम हा जोडतारा आहे. दिवाळीच्या अमावास्येस रात्री अकराच्या सुमारास तो महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर येतो, आणि लहान दुर्बिणीतूनही त्याचे दोन तारे वेगळे दिसतात.